भाकऱ्या भाजण्याबद्दल अर्धा दिवस

कामगार कायद्याचं माझं ज्ञान पक्कं होतं. फक्त सरकारचं मत वेगळं होतं.

गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली असतील. तुयेला मी काजूगर सोलायचा छोटा कारखाना काढला. आठ बायका कामाला. आठवी माझी आई. घरी बसून तिचे गुडघे दुखायचे, कारखान्यात बसून दुखत नसत.

पहिल्याच आठवड्यात मी दारावर रंगाने फलक लिहिला. हातमोजे, एप्रन आणि हाताला लावायचं खोबरेल, पैसे पगारातून. (काजूच्या चिकाने हात पोळतात, पण हात त्यांचे होते, माझे नव्हेत.) गर फुटला तर दंड. उशीर झाला तर अर्धा दिवस.

"आणि श्वास घेतल्याचे किती?" शेवंतीने विचारलं. ती काजूच्या कामात सगळ्यांत जुनी आणि बोलायला सगळ्यांत तिखट.

"ते अजून ठरवलं नाही," मी म्हणालो. मी विनोद केला होता. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या महिन्यात आई अर्धा तास उशिरा आली.

"उशीर का झाला?"

"तुझ्यो भाकऱ्यो भाजी होतंय."

"हे वैयक्तिक कारण झालं," मी म्हणालो आणि अर्धा दिवस कापला. कायदा आईलाही सारखाच, असं मी त्या रात्री जेवताना बायकोला अभिमानाने सांगितलं. तिने माझ्या ताटातली भाकरी उचलून परत टोपलीत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात कामगार निरीक्षक आले. मी घाबरलो नाही. उलट हाताला धरून फलकापाशी नेलं. "आमच्याकडे सगळं लेखी असतं, साहेब."

साहेबांनी वही काढली आणि फलक पहिल्या ओळीपासून उतरवून घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं, आदर्श कारखाना म्हणून वर पाठवणार. मी एक शब्द नीट दिसत नव्हता तो वाचूनही दाखवला.

"हातमोजे, एप्रन, तेल ही कामाची साधनं," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "ती तुम्ही द्यायची. त्याचा एक पैसा कापता येत नाही. गर फुटला तर दंडाआधी त्या बाईचं म्हणणं ऐकायचं. आणि अर्धा तास उशीर तर अर्ध्या तासाचेच पैसे. अर्धा दिवस कोणाचा कापलात?"

आईने हातातला गर खाली ठेवला.

"माझो, सायबानु. हो माझो झील. तेच्यासाठीच भाकऱ्यो भाजी होतंय."

साहेबांनी पेन थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तेही वहीत लिहिलं.

कापलेलं सगळं परत करायचा हुकूम झाला. पगाराच्या दिवशी मी आईला बाजूला घेतलं. "तू तरी सोड. घरचेच पैसे."

"कापताना घरचे नव्हते?" तिने विचारलं आणि सगळ्यांसमोर मोजून घेतले. मग शेवंतीने ओल्या फडक्याने फलक पुसला. रंग पक्का होता, म्हणून तिला दुसऱ्या दिवशीही पुसावा लागला. (त्याचे जादा पैसे मी दिले.)

आता आमच्या पेडणे तालुक्यात कोणी नवा कारखाना काढला, की सल्ल्याला माझ्याकडेच येतो. मी काय काय केलं ते तो बारकाईने विचारतो, कागदावर उतरवतो, आणि घरी जाऊन नेमकं उलट करतो.