शाईने लिहिलेल्या पाट्या

माझी लेक ल्येर्का पदवी घेऊन विद्यापीठाच्या बागेत माळीण म्हणून लागली, तेव्हा मी आठवडाभर कुरकुरले. त्याला आता आठ वर्षं झाली.

तिथली जुनी मंडळी झाडांच्या पाट्या शिसपेन्सिलीनेच लिहितात: झाड कुठून आलं, कोणत्या साली आलं, त्याचा नंबर काय. ल्येर्काला ते खरडणं गबाळं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी तिने काचघरातल्या चाळीस पाट्या धुऊन काळ्या शाईने सुबक लिहिल्या. उन्हाने शाई उडाली आणि पाट्या कोऱ्या झाल्या. तिथे नंबर नसलेलं झाड म्हणजे बेवारस. अभ्यासाला निरुपयोगी, म्हणून सरळ खताच्या खड्ड्यात.

जानेवारीत नवे प्रमुख ग्रगुरिच यांनी हुकूम काढला: सोमवारी त्या चाळीस कुंड्या रिकाम्या करा.

"चूक माझी आहे, मला काढा," ल्येर्का म्हणाली. "झाडांनी काय केलंय?"

"नियम आहे, बाई."

"जुन्या नोंदवह्या आहेत. ताडून बघते मी एकेक. फक्त फुलं येऊ द्या, त्याशिवाय ओळख पटत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. सोमवारी तिने काचघराला आतून कडी लावली.

मला कळलं तशी मी खसखशीचा रोल घेऊन धावले. सावा नदीवरून बोचरा वारा येत होता.

"ल्येर्के, माफी लिहून दे आणि बाहेर ये. नोकरी जाईल गं!"

"शाईबद्दल लिहून दिलीय, आई. झाडांबद्दल देणार नाही. रोल झरोक्यातून सरकव."

तेवढ्यात ग्रगुरिच आले. "किती दिवस बसणार आहात?"

"फुलं येईपर्यंत."

"यातली निम्मी ऑगस्टात फुलतात!"

"मग पगार इथेच पाठवा."

म्हातारा माळी श्टेफ फिस्सकन हसला. "साहेब, आत जायचं तर काच फोडावी लागेल. मग आतली नंबरवाली झाडंसुद्धा गारठून मरतील. त्याची नोंद कुठे करू?"

 ग्रगुरिच यांनी एक कागद लिहून काचेला लावला. मुदत ऑगस्टअखेर. तोवर जी ओळखू येणार नाहीत ती झाडं जातील, आणि त्यांच्यासोबत ल्येर्काही.

मी बाहेरून नको नको म्हणून हात हलवत होते. तिने कडी काढली, उभ्याउभ्याच त्या कागदावर सही केली आणि माझ्याकडे वळली.

"आई, आत यायचं तर ये, नाहीतर दार लाव. झाडांना वारा लागतोय."