हौदाचं पाणी रोज वीतभर उतरायचं

डिसेंबर १९५८, शुक्रवार. काम : हौदाच्या भिंतींचं शेवाळ काढणं. दिवेआगरला थंडी पडली की हे दर आठवड्याचं काम, आणि ते भर दुपारीच करायचं, कारण सकाळी त्या पाण्यात उभं राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात. नारळाचं सोडण आणि ओंजळभर वाळू घेतली, लुगडं खोचलं आणि उतरले.

हा हौद शिंपण्यासाठी नव्हता, पोहण्यासाठी होता. गावात लोक हसले. आमच्याकडे पाणी साठवतात ते पोफळींना द्यायला. माणसाला डुंबायला समुद्र आहे. पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा डावा पाय तापात लुळा पडला होता आणि लाटेत तिला उभं राहता येत नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चालवा, रोज, खंड पडू देऊ नका. म्हणून घरामागे, तिच्या छातीइतकं पाणी राहील असा सिमेंटचा हौद बांधून घेतला. दिवाळीच्या सुमाराला तिनं पाण्यात पहिल्यांदा त्या पायावर भार दिला होता. तो पाय आता थांबू द्यायचा नव्हता.

आणि नेमका तेव्हाच हौद गळायला लागला. संध्याकाळी भिंतीवर कोळशानं रेघ मारावी, तर सकाळी पाणी वीतभर खाली. रेडा रहाटाला जुंपला की पन्हळीतून हौद पुन्हा भरे, दुसऱ्या दिवशी तेच. मी पाण्यावर भाताचा कोंडा टाकून पाहिला. चीर असेल तिकडे कोंडा ओढला जातो. कोंडा दिवसभर जागचा हलला नाही. मग पाणी जातं कुठून?

म्हसळ्याचा गवंडी बोलावला. त्यानं हौदाभोवती एक फेरी मारली आणि तळाकडे बोट केलं.

"बाई, फोडल्याबिगर न्हाय समजायचं."

"किती दिवस जातील?"

"फोडायचा, भरायचा, सुकवायचा. शिमगा धरा."

शिमग्यापर्यंत मुलगी ओसरीवर बसणार, म्हणजे पाय पुन्हा होता तिथे जाणार. पण गळका हौद सबंध फुटला तर त्याहून वाईट. मी शनिवारी सकाळी ये म्हटलं. मुलीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, "मग उद्या लवकर उतरू?" एवढंच विचारलं.

त्यामुळे शनिवारी फटफटायच्या आत मी चुलीवरचं आंघोळीचं पाणी तसंच टाकून हौदाकडे गेले. रात्री पाण्यावर नारळाची झापं घालत असू, दिवसाची ऊब राहावी म्हणून. ती काढायची होती. हौदाच्या पलीकडच्या अंगाला, उतारावर, कोणी तरी वाकलेलं दिसलं. डोक्यावरून धाबळी घेतलेल्या आमच्या थोरल्या जाऊबाई. मधल्या दगडी गडग्यापलीकडची वाडी त्यांची. त्यांनी गाळ सोडायला ठेवलेलं तळाचं बूच बाहेरून उपसून हातात धरलं होतं आणि पाणी खळखळत त्यांच्या पोफळींकडे निघालं होतं.

"वहिनी! काय करताय हे?"

"दिसतंय ना? पाणी सोडतेय."

"रोज सोडता?"

"थंडी पडल्यापासून. रोज."

"अहो, मी हौद फोडायला गवंडी बोलावलाय!"

"तो कशाला? हौद चांगला आहे की."

मी उतारावरून त्यांच्यापाशी गेले. त्या बोलतच होत्या. "झापं घालून तू वरचं पाणी ऊन ठेवतेस. तळाशी हात घालून बघ, नुसतं बर्फ. पोर पाय कुठे ठेवते, वर की तळाशी? तळाचं गार पाणी काढायचं आणि विहिरीचं ताजं घ्यायचं. थंडीत पहाटेचं विहिरीचं पाणी कोमट असतं, हे तुला ठाऊक नाही होय? भरल्या विहिरीच्या घरची ना तू?"

ठाऊक होतं. रोज त्याच पाण्यानं मी तोंड धूत होते. आणि मुलगी अलीकडे जास्त वेळ पाण्यात थांबते, हे झापांमुळे, असं मी चार जणींना सांगून बसले होते.

"मग मला सांगायचं नाही?"

"भावजींना सांगितलं होतं. आणि तुझ्या त्या साठलेल्या पाण्यावर माझ्या पोफळी काही फुकट पोसल्या नाहीत. माझाच रेडा भरतो तो हौद."

हे खरं होतं. मी खाली बसले आणि हसत सुटले, इतकी की त्या घाबरल्या. हौद शाबूत होता. मुलीचा एक दिवसही जाणार नव्हता. पहार खांद्यावर टाकून गवंडी आला, तेव्हा त्याला चहा आणि घावन दिले आणि न्हाणीघराची फुटलेली मोरी दाखवली. त्यानं ती बिनतक्रार बसवली.

आमचे हे म्हसळ्याला शाळेत शिकवत आणि शनिवारी संध्याकाळी घरी येत. पायरीवर चपला काढत असतानाच मी विचारलं.

"बुचाचं तुम्हाला वहिनींनी काही सांगितलं होतं?"

"हो, म्हणाल्या होत्या खऱ्या," ते म्हणाले. "महत्त्वाचं होतं का काही?"

मी जेवायला वाढलं.

रविवारी सकाळी बूच मी काढलं. वहिनी गडग्यावर बसून पाहत होत्या आणि "पुरे, पुरे, सगळाच रिकामा करतेस की काय" म्हणत होत्या. रेडा जुंपला, वाफ येणारं पाणी पन्हळीतून पडू लागलं. हौद भरल्यावर मुलीला आत सोडलं आणि तिच्याकडे तोंड करून काठावर तांदूळ निवडत बसले. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, वळली, परत निघाली. सूप रिकामं झालं तरी ती बाहेर यायला तयार नव्हती, म्हणून आत जाऊन आणखी तांदूळ आणले.