घर त्याचं, दार माझ्याकडं

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी कॉम्प्युटरचा पडदा पुसत होतो. महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे मन्मथचा रविवार. लातूरची एसटी अकराला नांदेडात टेकते, आणि हा माणूस आल्या आल्या पडद्यावर बोट फिरवून मला धूळ दाखवतो. "काका... बाबा गेले. सकाळी, चहा पिता पिता." मी म्हणालो, "अगं, तो आत्ता बसमधी असंल की!" काय बोललो मी! पोरीनं दोनदा सांगितलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

लातूरला पोचलो तर त्याला खुर्चीत बसवलेलं. लिंगायतांत माणसाला बसवूनच निरोप देतात. कपाळभर विभूती, गळ्यात फुलं, मान किंचित पुढं... अगदी माझ्या कॉम्प्युटरपुढं बसायचा तसा. सगळे रडत होते आणि मला त्याच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटत होतं.

आम्ही कंधारच्या शाळेत एकाच वर्षी लागलो, मी मराठीला, तो गणिताला. तो मूळचा निलंग्याचा. पुढं बदली घेऊन लातूरला गेला आणि निवृत्तीनंतर त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला. माझी बायको गेली, मूलबाळ नाही, घरात बोलायला कोणी उरलं नाही. अशात एका रविवारी हा पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर. "मास्तर, ह्याच्यात अख्खा कॉम्प्युटर बसवून राहिलो. खिशात घालायचा, कुठंबी लावायचा, आपलं सगळं आपल्यासंगं!" दिवसभर खटाटोप चालला. पेनड्राइव्ह इतका मंद, की आमच्या दोघांची सुपारी संपली तरी काम अर्ध्यावरच. शेवटी चालू झालं एकदाचं. पण पेनड्राइव्ह काढला आणि माझा कॉम्प्युटर ठप्प. काळा पडदा, वर इंग्रजीत एक ओळ, 'नो सच डिव्हाइस'. परत लावला की चालू. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं नेऊन लावला, तर तिथं ढिम्म. घर बांधलं होतं पेनड्राइव्हवर आणि दार बसवलं होतं माझ्या कॉम्प्युटरला. बटण दाबल्यावर जो भाग सगळ्यात आधी उठतो, तो कुठं बसवायचा असं कॉम्प्युटरनं विचारल्यावर साहेबांनी माझी डिस्क निवडली होती. मी तोंडसुख घेतलं, "गणिताचा मास्तर, अन् दोन डिस्का मोजता येईनात व्हय रे?" तो डोकं खाजवत म्हणाला, "चुकलं बघ. पेनड्राइव्ह इथंच राहू दे. मीच येत जातो."

सहा वर्षं आला. त्या पेनड्राइव्हवर तो आपल्या अव्वाचे, म्हणजे आईचे, शब्द उतरवायचा, निलंग्याकडचे, अर्धे मराठी, अर्धे कानडी. मी शुद्धलेखन बघायचो आणि तो भांडायचा, "माझी अव्वा तुझ्या व्याकरणाला ईचारून बोलत न्हवती!" मधूनच मी म्हणायचो, अरे, ती चूक तेवढी दुरुस्त कर की. "करू की. घाई काय हाय?"

गेल्या आठवड्यात सुवर्णा आली. क्लास आता तीच चालवते. बाबांचा पेनड्राइव्ह आणि त्यातले आजीचे शब्द तिला हवे होते. तो माझ्या कॉम्प्युटरला मागं कायम खोचलेला का, हे मी सांगितलं तर ती बघतच राहिली. "काका, हे सहा वर्षं असंच? दहा मिनिटांचं काम आहे हे! बाबा तर पहिल्या महिन्यातच शिकवायचे... चुकीची डिस्क निवडू नका, निवडलीच तर अशी दुरुस्त करा."

जाऊन-येऊन सात तासांची एसटी, तीही दुखऱ्या गुडघ्यांनी! लबाड कुठला. घर खायला उठतं, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं ते ओळखलंय हे त्यानंही मला कधी कळू दिलं नाही.

"आधी तुमचा कॉम्प्युटर नीट करते, मग पेनड्राइव्ह काढते," ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे गं. ने तू. इथं एकजण आहे, तो करून देईल." साफ खोटं बोललो. बापाची वस्तू लेकीकडं जायलाच हवी होती. पण ती चूक माझ्यासाठी केलेली होती, ती कशी पुसू देऊ?

काल दुसरा रविवार होता. पडदा पुसला. अकराला बटण दाबलं. काळ्यावर पांढरी ओळ आली, नो सच डिव्हाइस... असं काही सापडत नाही.

"हाव बाबा," मी मोठ्यानं म्हणालो, "मलाबी न्हाई सापडत."