प्लगइनची खंडेनवमी

माझ्या सुनेचा धंदा मी बंद पाडलेला नाही. मी केवळ एक बटण बंद केले. या दोहोंतला फरक आमच्या नातलगांना अद्याप कळलेला नाही, आणि आमचे साडू वसंतराव यांना तो कळून घ्यायचाच नाही!

वस्तुस्थिती अशी. आमच्या केतकीने नोकरी सोडून एक प्लगइन तयार केले. प्लगइन म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचा भाग. (सारा जन्म चाकणच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या मला हे एका वाक्यात समजले. बँकेतून निवृत्त झालेल्या वसंतरावांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले, याची नोंद असावी.) वर्कशॉपवाल्यांनी ते आपल्या वेबसाइटवर बसवायचे, गिऱ्हाइकाने सुट्या भागाचे माप टाकले, की तो बनवायचा दर क्षणात समोर! हिशेब मात्र व्हायचा मोशीला, आमच्या घरातल्या संगणकावर. सगळे वापरत, सगळे वाखाणत. पैसे कोणीही देत नसे. दिवाळीपर्यंत विक्री जमली नाही, तर केतकी पुन्हा नोकरी धरणार होती.

अशात खंडेनवमी आली. केतकी आणि चिरंजीव सांगवीला तिच्या माहेरी गेले. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी यंत्र थांबवून पूजतात, आणि पूजलेले यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत चालवत नाहीत. चालत्या लेथला कोणी हार घालतो काय? मी संगणक बंद केला, पुसला, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला आणि पुढे नारळ ठेवला. रहाटणीहून फराळाला आलेले वसंतराव लाडू खात बघत होते. (आपण रोखले होते, असे ते आता सांगतात. तोंडात अख्खा लाडू असताना माणूस रोखतो कसा?)

थोड्याच वेळात केतकीचा घरी विसरलेला मोबाइल वाजला.

"साहेब, दर दिसंना! राजकोटचं गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"आज यंत्राला विश्रांती आहे. उद्या यावे," मी म्हणालो.

"अहो, राजकोटवाला न्हाई पाळत खंडेनवमी!"

"मग त्याला पाळायला शिकवा!"

त्यानंतर मोबाइलने श्वास घेतला नाही. वसंतरावांनी धोतराला हात पुसले.

"अण्णा, चालू करून टाका ना ते!"

"पूजा मोडू? माझ्या घरात?" मी संगणकासमोर हात पसरून उभा राहिलो.

तेव्हा त्यांनी मोबाइल हिसकावला आणि कर्ज नाकारताना वापरायचा तो मधाळ आवाज काढला. "हे बघा राव, फुकटातलं आहे तोवर असं व्हायचंच. वर्गणी भरणाऱ्यांसाठी मात्र न थांबणारी सोय करतोय आम्ही."

"भरतो की भाऊ! पण बंद नका ठेवू!"

एक भरतो म्हणाला, मग दुसरा, मग सगळेच!

संध्याकाळी केतकी परतली. "बाबा, काय करून ठेवलंत हे!" असे मला म्हणाली, आणि त्याच श्वासात, "काका, कमाल केलीत तुम्ही!" असे वसंतरावांना. एकच घटना, फटकार मला, कमाल त्यांना!

पुढे तिने वर्गणीदारांचे काम घराबाहेरच्या भक्कम यंत्रणेवर नेले, नोकरीचा विषय संपला आणि प्लगइन फायद्यात आले. वर्षभराने चिंचवडच्या सभागृहात वर्गणीदारांचा मेळावा भरला. 'पहिली विक्री करणारे' म्हणून भरजरी शाल वसंतरावांना! (मला ती कशाला हवी होती? तरी सांगतो, जांभळा रंग मलाच शोभला असता.)

ते मला सोसले नाही. मी व्यासपीठ गाठून माइक घेतला. "विक्री यांनी केली असेल, पण विक्रीची गरज कोणी निर्माण केली? त्या दिवशी यंत्र मी बंद केले! मी!"

पहिल्या रांगेतले एक धिप्पाड वर्कशॉपवाले उठले. "व्हय का? तवा तुमी व्हतात व्हय! माजा राजकोटवाला गेला त्यो आजून आला न्हाई!"

मागच्या रांगाही उठू लागल्या. मी माइक ढालीसारखा धरला. एवढ्यात वसंतराव शाल सावरत पुढे आले.

"अण्णांना बोलू नका हो. वय झालंय, त्यांना आठवत नाही." (हे गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे आहेत!) "बटण माझ्याच हातून बंद झालं होतं."

काय तो मोठेपणा! सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. केतकीने तर डोळे पुसले. त्या साऱ्या व्यवसायात माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती चूक. आणि तीही साडूंनी माझ्या डोळ्यांदेखत नेली!