पितळी वाट्यांचा पोवाडा

अमेरिकेत, रेडमंडच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा म्हातारा कोरियन प्रत्येक वाक्याआधी "लिसन, लिसन!" म्हणायचा आणि पुढच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ठेका धरायचा. जपानी राजवटीत लढाईसाठी त्याच्या गावातली सगळी पितळी भांडी जप्त झाली होती. त्यावर त्याने एक लांबलचक काव्य रचलं होतं.

२००४च्या हिवाळ्यात लायब्ररीत त्याचा कार्यक्रम झाला. घर कुणाचं ते तो इंग्रजीत सांगायचा, मग त्या घरातून गेलेल्या वाट्या-चमच्यांबद्दल कोरियनमध्ये खड्या आवाजात गायचा. लोक अगदी सभ्यपणे गप्प. हळूहळू त्याचा आवाज पडायला लागला. मला राहवेना. लहानपणापासून पोवाडे ऐकलेला मी, जोरात ओरडलो, "जी रं जी जी!"

"अरे, काय करतोयस!" बायकोने चिमटा काढला.

तो मात्र टेबलावर थाप मारून उभाच राहिला. "लिसन! आमच्याकडेही गाणाऱ्याला अशीच साथ देतात!"

मग काय! प्रत्येक घराला अख्खा हॉल "जी रं जी जी!"

शेवटी तो म्हणाला, "माय मदर्स हाऊस," आणि गाऊन झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिशात रुमाल चाचपत होतो.

ओरडली ती माझी बायको.