मानेसरला, यांचा आवाज आणायला

यांच्या कॉलेजातून फोन आला की टेपांच्या कॉपी तयार आहेत. कुरिअर करतो म्हणत होते. नको म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

माझे पती टीव्हीसाठी स्वतंत्रपणे माहितीपट करायचे. वाहिन्यांनी ते घेणं थांबवल्यावर मानेसरच्या पुढे एका कॉलेजात तेच शिकवू लागले. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलतं केलं; हे गेल्यावर पाहिलं तर घरात यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. फिल्ममध्ये स्वतःचा प्रश्न ठेवायचे नाहीत. चित्रीकरणाच्या कच्च्या टेपांत तरी तो असेल, एवढ्यासाठी मी चालले होते.

गाझियाबादहून जाणाऱ्यांनी वैशालीला मेट्रो धरावी, राजीव चौकात बदलावी, गुरुग्रामच्या टोकाला उतरावं. शंभराच्या आत काम होतं. राजीव चौकापर्यंत बसून पुस्तक वाचता येतं, पुढे उभं राहायची तयारी ठेवा. मग शेअर ऑटो. माझ्या शेजारी कारखान्याच्या युनिफॉर्ममधल्या दोघी होत्या.

“आंटीजी, मानेसर में कौन है?”

“पति का सामान लेने जा रही हूँ.”

“खुद नहीं ला सकते? हमारे वाले भी ऐसे ही हैं!”

दोघी हसल्या. मीही हसले. धावत्या ऑटोत कोण खुलासा करत बसणार?

मानेसरच्या चौकात छोले-कुलचे चांगले मिळतात. तिखट बेताचं सांगा.

कॉलेजात रिद्धिमा भेटली. यांची विद्यार्थिनी, आता यांचाच विषय शिकवते. घरचे नागपूरचे, पण ही दिल्लीतच वाढलेली.

“काकू, टेपांना ते... फंगसला काय म्हणतात?”

“बुरशी.”

“हां, बुरशी. एकदाच चालल्या, मग खराबच झाल्या. पण कॉपी बिल्कुल सरांच्या पद्धतीने केल्यात. प्रश्न आला की रेकॉर्डिंग बंद, उत्तर आलं की सुरू. सर म्हणायचे ना, आपला आवाज कोणाला ऐकायचाय?”

मी पाणी मागितलं. ग्लास देता देता तिच्या लक्षात आलं.

“काकू, तुम्हाला सरांचा आवाज...?”

“तुला शिकवलं तसं तू केलंस.”

ती कॉम्प्युटरकडे वळली. मग तिने ‘खोलीचा आवाज’ लावला. मुलाखत संपली की हे सगळ्यांना स्तब्ध बसवून नुसत्या खोलीचा आवाज घेत. संकलनात जोड झाकायला तो लागतो. तो तिने पूर्ण घेतला होता. पंख्याची घरघर, लांबवर ट्रॅक्टर, आणि एक बारीक शीळ. स्वस्थ बसले की यांचं नाक वाजायचं. संसारभर मी त्यावरून बोलत आले.

“ही शिट्टी नॉइज़ आहे, काकू. क्लीन करून देऊ?”

“हात लावू नकोस.”

परतताना संध्याकाळची गर्दी टाळा. मला जमलं नाही.

घरी पोचल्यावर मुलीचा फोन आला. “आई, मिळाला बाबांचा आवाज?”

“नाही,” मी म्हटलं. जे खरं ते.

मग रिद्धिमाने दिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. पंखा बंद केला, फ्रिजही बंद केला. खोलीचा आवाज चालू असताना कोणी हलायचं नसतं. मी हलले नाही.