परळातली माती

माझं माहेर सुप्याचं, कोरडवाहू. लासुर्ण्याच्या बाजूला, कॅनॉलाखालच्या उसाच्या गावात मला दिलं, तेव्हा भावकीतल्या बायका म्हणाल्या की पोरीनं नशीब काढलं. मीही तसंच समजले. येताना माहेरच्या मातीसकट एक तुळस आणली होती, फुटक्या डेऱ्याच्या बुडात लावलेली. ती गाडीतून उतरवताना माझी धाकटी नणंद खो खो हसली. सुप्यात दगडच पिकतात असं तिनं ऐकलं होतं, तिकडची माती कोणी हौसेनं आणील हे तिला खरं वाटेना. पहिल्याच दिवशी तिनं मला आपलीशी केली ती अशी.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या गावच्या जाणत्या. कोणाचं लेकरू दूध पिईना, कोणाची म्हैस पान्हा सोडीना, की बाई आमच्या दारात. लेक आज ना उद्या सासरी जाणार आणि विद्या तर घरात राहायला हवी, म्हणून त्यांनी मला हाताशी घेतलं. शिकवणं म्हणजे आधी घरामागच्या परड्यातली राबणूक. अडुळसा, ओवा, कोरफड, वेखंड यांना पाणी घालायचं. पान तोडायच्या आधी ते कोणासाठी तोडते आहे हे झाडाला सांगायचं. मी जरा तोंडाळ, म्हणून विचारलं की झाड नाही म्हणालं तर? आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

मग परळ. पसरट मातीच्या भांड्यात परड्यातली माती घ्यायची, आजाऱ्याचं नाव घेऊन जोंधळे पेरायचे आणि वर टोपली झाकून देवापाशी ठेवायचं. नवरात्रातल्या घटासारखंच, फक्त एका माणसासाठी. कोंब हिरवे, सरळ आले तर वाट मोकळी, माणसाला कुठंही न्या. नाही आले तर वाट बंद. मग त्याला गावची शीव ओलांडू द्यायची नाही, जे करायचं ते घरातच.

मी आले त्याच्या आधीपासून ते परडं मरत चाललं होतं. ओवा जळाला, वेखंड पिवळं पडलं, अडुळसा शेंड्याकडून वाळायला लागला. आत्याबाई म्हणत, कोणीतरी करणी केली. त्यांनी लिंबं पुरली, कोपऱ्याकोपऱ्यात अंगारा टाकला. मला दिसत होतं ते वेगळंच. उसाला पाणी सोडलं की परड्यात ओल वर यायची आणि ऊन पडलं की मातीवर पांढरं फूल धरायचं. एकदा चिमूट जिभेवर ठेवली. खारट. माझी तुळस तेवढी डेऱ्यात उभी होती, हिरवीगार, कमरेएवढी. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या की चार दिवसांची शिकाऊ तू, मला माती शिकवू नकोस.

दसऱ्याच्या सुमारास नणंदेला हिवतापानं धरलं. त्या भागात दर घरी एक तरी अंथरूण असायचंच, म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. एकाआड एक दिवस ती गोधड्यांखाली कुडकुडायची आणि ताप उतरला की उठून माझी नक्कल करायची. हळूहळू नक्कल थांबली. डोळे पिवळे झाले, पोट वर आलं. बारामतीच्या दवाखान्यात क्विनाईन मिळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे गाडी जुंपायला तयार होते, पण घरातल्या दुखण्याबाबत शेवटचा शब्द आत्याबाईंचा. आत्याबाईंनी परळ लावला. एकही कोंब आला नाही. काही दिवसांनी पुन्हा लावला. दोन आले, तेही पिवळे, आणि झोपले. शीव बंद.

"वैनी, त्या जोंधळ्याला सांगा की जरा," नणंद मला म्हणाली. "कोयनेल कडू असतंय म्हणं. पिईन मी. बारामतीचा बाजार तरी बघीन."

मग आत्याबाईंनाच ताप चढला. तिसरा परळ लावायचं काम माझ्याकडे आलं, माझा पहिलाच. परळ हातात घेऊन मी परड्यात उभी राहिले. त्या मातीतून काय येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून? तुळशीचं लग्न नुकतंच लागलं होतं, तिच्या बुंध्याला अजून हळदकुंकू होतं. मी ती मुळासकट उपटली. डेऱ्यातली सुप्याची माती परळात भरली, नणंदेचं नाव घेतलं आणि जोंधळे पेरले. तुळस उसात नेऊन टाकली. तुळस कुठं गेली म्हणून घरात विचारणा झाली, तेव्हा शेळीवर ढकललं.

कोंब आले. असे आले की टोपली वर उचलली गेली. आत्याबाईंनी अंथरुणातून हात लांब करून त्यांवरून बोटं फिरवली आणि रडल्या.

"वाट मोकळी हाय," त्या म्हणाल्या. "गाडी जुपाया सांग."

मी गाडीत नणंदेचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बारामतीत शिरलो तेव्हा ती म्हणाली, जरा वर धरा. मी धरलं. तिनं भांड्यांची दुकानं पाहिली, बांगड्यांचं पाहिलं, मग डोळे मिटले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि इतके दिवस काय करत होता, असं सासऱ्यांना विचारलं. औषध पोटात गेलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्याच गाडीतून आम्ही तिला परत आणली.

परळातले कोंब तेव्हाही हिरवे होते. आत्याबाई त्यांच्यासमोर बसून राहायच्या, जेवायला उठायच्या नाहीत.

"वाट मोकळी व्हती," त्या म्हणत. "मग माझी लेक कुठं गेली?"

मला ते ऐकवेना. सगळं सांगून टाकलं. परड्यातल्या मातीत मीठ आहे, तिच्यात काहीच उगवणार नाही, करणी नाही न् काही नाही. पहिल्याच परळाला सुप्याची माती असती तर पोर तेव्हाच बारामतीला गेली असती. मी रागानं बोलत होते आणि रडतही होते.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुळस उपाटलीस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तरीच पोर गेली," त्या म्हणाल्या.

बाहेर मात्र त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला हाकललं नाही की टाकून बोलल्या नाहीत. बायका दाराशी यायच्या, आत्याबाई आता जमत नाही म्हणून त्यांना वाटेला लावायच्या. परड्यात त्या पुन्हा गेल्या नाहीत. अडुळसाही वाळला.

पुढच्या दिवाळीला त्यांना तोच ताप आला. डोळे पिवळे दिसू लागले तसं मी सासऱ्यांना सांगितलं, या वेळी कोणाला विचारायचं नाही, सरळ गाडी जुंपा. बैल दारात आले. आत्याबाई उठून बसल्या आणि माझा हात धरला.

"आदी परळ लाव," त्या म्हणाल्या. "आन माती परड्यातलीच घे."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली केली नाही. सासरे म्हणाले, तिच्या मनासारखं कर.

मी परड्यातली माती आणली, आत्याबाईंचं नाव घेतलं आणि जोंधळे पेरले. सासऱ्यांनी बैल सोडून पुन्हा गोठ्यात बांधले.